पाटीवरची अकरा नावं

गोमाजी मडावी शांत माणूस आहे, असं टोल्यावरचे, म्हणजे त्याच्या वस्तीवरचे, सगळे सांगतील, आणि सगळे खोटं सांगतील. राग त्याला होता, चांगला भरपूर होता. फक्त तो तोंडातून न निघता हातातून निघायचा. रागावला की दिवसभर एक शब्द बोलायचा नाही आणि संध्याकाळपर्यंत भिंत अशी ओळंब्यात उभी करायचा की मालकाने चार वेळा दोरी लावून पाहावी. तीस वर्षं त्याने समुद्रपूरच्या चहूकडच्या गावांत घरं बांधली. त्या मे महिन्यात मात्र त्याचा राग एवढा साचला होता की त्यात आणखी एक चर्च उभं राहिलं असतं.

आणि राग होता तोही चर्चचाच.

टोल्यावर बावीस ख्रिस्ती घरं. आजोबांच्या काळापासून प्रार्थना व्हायची ती टिनाच्या शेडमध्ये. पावसाळ्यात टिनावर असा धबधबा सुरू व्हायचा की पास्टरचे ओठ तेवढे हलताना दिसायचे, आणि उन्हाळ्यात म्हाताऱ्या बाया ओला पदर डोक्यावर घेऊन बसायच्या. शेवटी मंडळीने ठरवलं, पक्कं चर्च बांधायचं. सामान कसंबसं जमेल, पण मिस्त्री कुठून आणायचा? तेव्हा गोमाजी उभा राहिला आणि म्हणाला, मिस्त्री मी हाये ना. झालं. बांधकामाची सुट्टी असते बाजाराच्या दिवशी. सहा वर्षं प्रत्येक बाजाराच्या दिवशी गोमाजी बाजारात गेला नाही, चर्चवर गेला. पाया, भिंती, खिडक्यांच्या कमानी, स्लॅब, प्लास्टर, सगळं त्याच्या थापीखालून गेलं. सहा वर्षांत त्याच्या घरात ताजी भाजी म्हणून जी काही आली, ती शेजाऱ्यांच्या पिशवीतून उरलेली.

आता आपल्याकडे रीत काय आहे? घराची वास्तू झाली की मालक आधी मिस्त्रीला पाटावर बसवतो, टॉवेल-टोपी देतो, नारळ देतो, आणि चार लोकांत सांगतो की हे घर ह्याच्या हातचं. कोणी कितीही कंजूष असो, ही रीत चुकवत नाही. गोमाजी ख्रिस्ती, म्हणून नारळ घ्यायचा नाही, हात जोडून परत करायचा. पण टॉवेल-टोपी घ्यायचा. टोपी तो कधी घालत नसे. पण घरातल्या लोखंडी पेटीत पांढऱ्या टोप्यांची एक थप्पी होती, आणि कधीमधी पेटी उघडली की कोणती टोपी कोणत्या घराची, हे तो बोट ठेवून सांगायचा. हिंदूंनी दिल्या, बौद्धांनी दिल्या, एका मुसलमान मोटार-मेकॅनिकने तर दुकान बांधल्यावर स्वतः घरी आणून दिली.

मग आपल्या स्वतःच्या चर्चमध्ये काय होईल? निदान नाव तरी घेतील की नाही? गोमाजीने हे कुणाला विचारलं नव्हतं. असं विचारायचं असतं का? पण दाराशेजारच्या भिंतीत त्याने पाटीसाठी एक कोनाडा सोडला होता, दीड हात लांब, हातभर उंच. त्यात बायबलमधलं एक वचन बसेल, आणि खाली बारीक अक्षरात एखादं नाव, असा त्याचा हिशेब. कोणाचं नाव, हे त्याने मनातल्या मनात कितीदा तरी वाचलं होतं.

चर्चच्या अर्पणाच्या, म्हणजे उद्घाटनाच्या, आठ दिवस आधी रूपराव पाटीचा मजकूर घेऊन आले; ते मंडळीचे ‘वडील’, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ. रूपराव म्हणजे निवृत्त बाबू. तीस वर्षं कचेरीत घालवलेला माणूस, कागद हातात असल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. त्यांनी कागद मोठ्याने वाचला. वर मोठ्या अक्षरात, ‘सर्व गौरव देवाला’. त्याखाली अर्पणाला येणारे नागपूरचे एक मोठे पाहुणे, मग पास्टर अमर, मग स्वतः रूपराव, पदवीसकट. मग कमिटीचे सात जण. आणि शेवटी मधुकरराव, जे सावंगीला नोकरीला असतात आणि ज्यांनी चार पंखे दिले होते. एकूण अकरा.

गोमाजीने नीट ऐकलं. आणखी काही उरलं असेल म्हणून थोडं थांबलाही. मग त्याच्या लक्षात आलं की कागद संपला.

सर्व गौरव देवाला, आणि जो काही उरला तो अकरा जणांना. पंखा देणाऱ्याचं नाव आहे, आणि तो पंखा ज्या स्लॅबला लटकला ती स्लॅब टाकणाऱ्याचं नाही. बरं, हे तोंडाने बोलावं तर माणूस नावाचा भुकेला ठरतो, आणि न बोलावं तर नाव कायमचं राहून जातं. गोमाजीने शेवटी कसंबसं विचारलं की बांधकामाबद्दल काही लिहायचं राह्यलं काय. रूपरावांनी चष्मा काढला, पुसला, आणि अगदी प्रेमाने सांगितलं, “गोमाजी, आपण देवासाठी करतो. नावासाठी करतो काय?”

ज्याचं नाव वरून तिसरं, त्याने हे सांगावं. गोमाजीच्या डोक्यात तिडीक गेली.

तो पास्टर अमरकडे गेला. पोरसवदा पास्टर, गुणी, गळा गोड, पण तीस वर्षं उन्हात उभं राहणं म्हणजे काय हे त्याला पुस्तकातूनच माहीत. त्याने गोमाजीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला की काका, तुमचं नाव स्वर्गाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. गोमाजी ‘हो जी’ म्हणून परत आला. वाटेत मात्र त्याला वाटलं, मग ह्या अकरा जणांचं काय स्वर्गात लिहायचं राहून गेलं, म्हणून इथे दगडावर लिहून ठेवतात? रविवारी पास्टरने उपदेश दिला तो नम्रतेवर. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, आपणही एकमेकांचे पाय धुवावेत. गोमाजीला वाटलं, एकूण एक वाक्य आपल्याकडे बघून म्हटलं जातंय. पाय त्याचेच धुतलेले नव्हते आणि उपदेशही त्यालाच!

पाटी आली शनिवारी, अर्पणाच्या आदल्या दुपारी. हिंगणघाटहून, टेम्पोतून, पोत्यात गुंडाळून. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. अकरा नावं पदव्यांसकट मावायची तर दगड मोठा लागणारच. कोनाडा पडला लहान. चांगली वीतभर पाटी बाहेर राहत होती. रूपराव म्हणाले, गोमाजी, थोडी भिंत तेवढी फोडून घे, तुझ्यासाठी काय अवघड आहे.

म्हणजे बघा. ज्याचं नाव नाही त्यानेच ती बसवायची, आणि बसवायसाठी आपल्याच हाताने केलेलं प्लास्टर आपल्याच छन्नीने फोडायचं. गोमाजीने माचीवर, बांधकामाच्या फळीवर, चढून छन्नी लावली. हातोड्याचा एकेक घाव त्याच्या दाढेत वाजत होता.

खाली रुखमा माल कालवत होती. रुखमा म्हणजे त्याची बायको, आणि त्याची रेजाही. तीस वर्षं त्याच्या प्रत्येक कामावर घमेलं तिनेच उचललं. उन्हात काळवंडलेली, सडसडीत, कमी बोलणारी बाई. सिमेंटने तिच्या बोटांची पेरं चिरलेली असायची आणि रात्री ती त्यांना गोडं तेल लावायची, तेही न बोलता.

गोमाजीने वरून सांगितलं, रेती जास्त टाक, सिमेंट नावापुरतं. रुखमाने मान वर करून पाहिलं. एवढ्या वर्षांच्या बाईला कळणार नाही का? असा माल म्हणजे दोन पावसाळे. तिसऱ्या पावसाळ्यात अकराच्या अकरा नावं जमिनीवर. तिने नेहमीच्या मापाने सिमेंट ओतलं. गोमाजीने पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा ऐकलं नाही.

“काऊन असं करता?” ती म्हणाली. “देवाच्या घराले खोटा माल लावता?”

आणि तिथे आठ दिवसांचा बांध फुटला. गोमाजी माचीवरून खाली उतरला आणि बोलत सुटला. रूपरावांचं काढलं, पास्टरचं काढलं, पंख्यांचं काढलं. बाजाराचे दिवस काढले, पाठीचं दुखणं काढलं. शेवटी भिंतीवर हात आपटून म्हणाला, “सहा वर्षं! हे चर्च म्या बांधलं. एकट्यानं बांधलं!”

रुखमाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत माल लागला होता. तिने ते हात बादलीत धुतले, सावकाश, बोटं एकेक करून. पदराला पुसले. मग म्हणाली, “एकट्यानं?”

गोमाजीने नजर भिंतीकडे वळवली.

“तुमच्या पेटीत टोप्याईची थप्पी हाये. तीस वर्षांत मले कोणी काई देलं काय? देलं नाई. मी काई मेली नाई.”

आणि ती निघून गेली. फाटकातून बाहेर, रस्त्याला, मागे वळून न पाहता.

आता शहाण्या माणसाने काय करावं? थांबावं, पाणी प्यावं, बायकोला बोलावून आणावं. पण चिडलेल्या मिस्त्रीला शहाणपण कोण शिकवणार? एकट्याने बांधलं ना, मग एकट्यानेच बसवतो, असं म्हणून गोमाजीने पुन्हा माचीवर चढून कोनाड्यात माल थापला, दगड गुडघ्यावर घेतला, मांडीवर घेतला, छातीवर घेतला आणि दात-ओठ खात वर चढवला. बसला. चांगला बसला. मग खालून सरकायला लागला.

असा जड दगड लावताना एकाने धरायचा आणि दुसऱ्याने खालून बल्लीचा, लाकडी वाशाचा, टेकू द्यायचा, ही साधी गोष्ट. बल्ली चार हातांवर पडली होती. हात सोडला तर दगड खाली आणि उद्याचं अर्पण गेलं कामातून. गोमाजीने दोन्ही तळहात आणि छाती लावून पाटी दाबून धरली. मग कपाळही लावलं. त्याने हाका मारल्या. पण चर्चच्या मागे मांडव घालणारे साउंड तपासत होते, हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, आणि त्यात त्याचा आवाज कुठे ऐकू येतो! ऊन पाठीवर, घाम डोळ्यांत, नाकासमोर बरोबर रूपरावांची पदवी.

किती वेळ गेला कोण जाणे. दंड थरथरायला लागले. तेव्हा गोमाजीने प्रार्थना केली, पण ती काही उपासनेत करतात तशी नव्हती. देवा, तो म्हणाला, मी तुह्यासाठी बांधलं असंच सांगत आलो, पण मले नाव पाह्यजे होतं, अजूनही पाह्यजे हाये, आणि आता मले टेकू पाह्यजे. इतकं खरं तो देवाशी सहा वर्षांत बोलला नव्हता.

टेकू आला. खालून बल्ली अचूक जागी लागली, वर विटेचा तुकडा सरला, आणि दगडाचा भार उतरला. रुखमा होती. नाल्यापर्यंत गेली होती आणि परत आली होती. ‘तो दगड एकट्याचा नाई’ एवढंच म्हणाली आणि सांध्यांत माल भरायला लागली. माल पक्का होता, तिच्या मापाचा.

गोमाजी माचीवर मटकन बसला. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तीस वर्षांत मले कोणी काई देलं काय. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी तळापासून वाटली. एवढी नावं त्याला खटकली. हे एक नाव त्याच्या स्वतःच्या मनातल्या पाटीवरही नव्हतं. त्याने ठरवलं, उद्या उपासनेत साक्षीची, सगळ्यांसमोर चार शब्द सांगायची, वेळ येईल तेव्हा उभं राहायचं आणि हिचं नाव घ्यायचं. तिला मात्र काही सांगितलं नाही.

रविवारी सगळं थाटात झालं. नागपूरचे पाहुणे आले, फीत कापली, पाटीवरचा पडदा सरला, टाळ्या झाल्या. पंखे फिरत होते. गाणी झाली, वचन झालं, आणि पास्टर अमरने विचारलं की देवाने काय केलं याची कुणाला साक्ष द्यायची आहे काय. गोमाजी उठला. समोर रूपरावांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, हा आता पाटीचं काढतो.

गोमाजीने माइक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, “हे चर्च म्या बांधलं असं म्या म्हणत होतो. म्या नाई बांधलं. माह्या रुखमानं एकूण एक वीट उचलून देली. तिच्या बोटाईतून रक्त येत होतं, तरी तिनं कोणाले सांगतलं नाई. अन् म्या कालपर्यंत तिचं नाव घेतलं नाई. देवानं मले काल माफ केलं, अशी माही साक्ष हाये.”

आणि मग काय विचारता! बाया डोळे पुसू लागल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या शकुंतलाबाई ‘आमेन’ म्हणाल्या आणि सगळी मंडळी त्यांच्यामागे ‘आमेन’ म्हणाली. पास्टर खाली आला आणि त्याने गोमाजीला मिठी मारली. पाहुण्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली आणि माइकवर सांगितलं की नम्रता म्हणजे काय, ते आज ह्या मिस्त्रीने आपल्याला शिकवलं, मी हे नागपुरात सांगेन. आणि त्यांनीच सुचवलं की पाटीखाली आणखी एक लहान पाटी लावावी, गोमाजी आणि त्यांच्या पत्नीच्या नावाची. रूपराव सगळ्यांत आधी उभे राहिले, डोळ्यांत पाणी, म्हणाले उद्याच करून घेतो. चोहीकडे मोबाइल वर झाले, फोटो निघाले.

गोमाजीला काय वाटलं? खरं सांगायचं तर फार गोड वाटलं. नाव मागून मिळालं नव्हतं ते सोडून दिल्यावर मिळालं, आणि वर शालही. छाती भरून आली. आणि त्याच क्षणी आत कुठेतरी खुपलं, की हे काय चाललंय, मी कशासाठी उठलो होतो? पण टाळ्या थांबत नव्हत्या, आणि टाळ्यांत खुपलेलं फार वेळ खुपत नाही. त्याने मान वळवून बायांच्या रांगांमध्ये रुखमाला शोधलं. ती नव्हती.

ती मागे होती, चुलाण्यावर. जेवणाचं काम पाच-सहा बायांनी घेतलं होतं आणि भाताच्या गंजाशी रुखमा बसली होती. साउंड एवढा मोठा की तिथेही शब्द न शब्द ऐकू येत होता. गोमाजी शाल सावरत तिकडे गेला. घाईने गेला, लहान पोर बक्षीस दाखवायला जातं तसा. त्याला वाटलं, ती हसेल. निदान वर तरी बघेल.

रुखमाने झारा खाली ठेवला. तिचे डोळे भरलेले होते, आणि गोमाजीला वाटलं ते आनंदाने.

“ऐकलं ना?” तो म्हणाला. “तुहं नाव घेतलं म्या. आता पाटीवर येते तुहं नाव.”

“मले इचारलं होतं काय?”

गोमाजीला कळेना. तो म्हणाला, तूच तर काल म्हणाली, तुले कोणी काई देलं नाई.

“देलं नाई, म्हणून तं माह्यापाशी होतं.” ती हळू बोलत होती, बाजूच्या बायांना ऐकू जाऊ नये म्हणून. “माह्यापाशी देवाले द्याले काय हाये जी? न शिक्षण, न गळा. प्रार्थना कराले उभी राह्यली तं शब्द सापडत नाई. एक होतं. सहा वर्षं म्या विटा वाह्यल्या त्या देवाले दान म्हणून, अन् हे कोणालेच सांगतलं नाई. तुमालेई नाई. ते फक्त त्याले माहीत होतं अन् मले. तेवढंच एक दान होतं माहं, झाकलेलं. ते तुमी आज माइकवर वाटून आले.”

तिने झारा उचलला आणि गंजातला भात खालीवर करू लागली. गोमाजी तसाच उभा राहिला, शाल खांद्यावरून घसरत होती ती सावरायचंही त्याला सुचलं नाही. आत माइकवर त्याचंच नाव पुकारत होते. पाहुण्यांना त्याच्या शेजारी बसून जेवायचं होतं.